डाव्या गालावरचं ऊन

मुंबईच्या डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदा अगदी उभा येतो. एकदा मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीला. जुलैतला तो दिवस बहुधा ढगांत जातो. मेमधला मात्र गच्चीत उभं राहून पाहता येतो. साडेबारा वाजून गेले की टाकीजवळ ठेवलेल्या बाटलीची सावली आक्रसत तिच्या बुडाखाली जाते आणि दिसेनाशी होते. एकोणीस अंश उत्तर अक्षांशावर राहणाऱ्यांना हे ऊन जन्मासोबत मिळालेलं असतं आणि आपण घाबरतो ते या दुपारच्या उन्हालाच. बारा ते चार बाहेर पडू नकोस, हे प्रत्येक आईने सांगितलेलं. सकाळच्या आणि उतरत्या उन्हाबद्दल कुणी काही सांगत नाही. ते कोवळं, ते अंगाला चांगलं.

बोरिवली ते चर्चगेट हा रेल्वेमार्ग साधारण उत्तर-दक्षिण जातो. सकाळी गाडीच्या दिशेला तोंड करून बसलं की पूर्व डाव्या हाताला येते. संध्याकाळी परतताना तोंड उत्तरेला आणि डाव्या हाताला पश्चिम. म्हणजे डावीकडची वाऱ्याची खिडकी मिळवणाऱ्या बाईच्या त्याच एका गालावर जातानाही ऊन आणि येतानाही ऊन. नोकरीची सगळी वर्षं मी ती खिडकी भाग्याची मानली. लेडीज डब्यात अंधेरीनंतर श्वास घ्यायला जागा उरत नाही. तिथे खिडकी मिळणं म्हणजे दिवस चांगला सुरू होणं. माझ्या डाव्या गालाच्या हाडावर तपकिरी डाग पसरला, तेव्हा मला आधी बाळंतपण आठवलं, मग वय आठवलं. खिडकी आठवली नाही.

ती आठवण करून दिली त्वचेच्या डॉक्टरांनी. बोरिवली पश्चिमेला एका जुन्या इमारतीत त्यांचा दवाखाना आहे. खोलीतला दिवा घालवून त्यांनी निळसर-जांभळ्या प्रकाशाचा छोटा दिवा चेहऱ्याजवळ धरला. त्या उजेडात वरवरचा डाग उठून दिसतो, खोलवरचा तितका दिसत नाही, आणि त्यावरून उपचार किती लागू पडेल याचा अंदाज येतो. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे ऊन कुठून येतं?"

मला प्रश्न कळला नाही. "म्हणजे कोणत्या बाजूने? घरात, गाडीत, ऑफिसात कुठे बसता?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मला एका फोटोबद्दल सांगितलं. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये 2012 साली छापून आलेला तो फोटो मी नंतर पाहिला. अमेरिकेतला 69 वर्षांचा एक माणूस. त्याने 28 वर्षं मालवाहू ट्रक चालवला. त्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू वयाला साजेशी आहे. डावी बाजू, खिडकीकडची, जाड झालेली, खोल सुरकुत्यांनी ओघळलेली. एकाच माणसाचे दोन अर्धे, मध्ये जणू वीस वर्षं. खिडकीची काच अतिनील किरणांपैकी 'बी' किरण अडवते. त्यांनी त्वचा भाजते, लाल होते, म्हणून आपल्याला ऊन लागल्याचं कळतं. 'ए' किरण मात्र काचेतून बरेचसे आत येतात. ते भाजत नाहीत, आग होत नाही, आणि त्वचेत खोलवर जातात. बोरिवली-चर्चगेट मार्गावर 25 डिसेंबर 2017 ला पहिली एसी लोकल धावली, तेव्हा आता उन्हातून सुटका झाली असं आमच्या डब्यातल्या सगळ्यांना वाटलं होतं. उकाड्यातून झाली. उन्हातून सुटका म्हणाल तर ती काचेच्या जाडीवर आणि रंगावर अवलंबून आहे, एसीवर नाही. त्यात आपल्या सावळ्या त्वचेत वांग उठायला अतिनील किरणच लागतात असं नाही, डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही पुरतो. म्हणून डॉक्टर अलीकडे लोहाची संयुगं घातलेलं, किंचित मातकट रंगाचं सनस्क्रीन देतात.

चिठ्ठीवर त्यांनी तीच गोष्ट पहिल्या क्रमांकावर लिहिली. सनस्क्रीन, दोन बोटांवर मावेल एवढं, बाहेर असाल तर दर दोन तासांनी. मलम दुसऱ्या क्रमांकावर. त्याच्यापुढे 'फक्त रात्री', 'फक्त डागावर', आणि शेवटी एक तारीख. त्या तारखेभोवती त्यांनी गोल केला. "हे औषध रंग उजळायचं नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा रंग आहे तो छान आहे. हे डाग उतरवायला आहे. या दिवशी बंद. डाग पूर्ण गेला नसला तरी बंद."

माझ्या आजीने याच दुखण्यावर जायफळ दुधात उगाळून लावलं होतं. सहाणेवर चार वळसे, बोटाने डागावर, वाळलं की धुवायचं. त्याने डाग गेला की नाही, कुणी मोजलं नाही; पण त्या उपायाची मर्यादा जायफळाच्या तुकड्यातच होती. कितीही लावलं तरी गालाची कातडी पातळ होत नव्हती. माझ्या हातात आलेल्या ट्यूबमध्ये तीन वेगवेगळी औषधं होती आणि तिन्ही खरोखर ताकदीची.

पहिलं हायड्रोक्विनोन. फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत फिल्म धुण्याच्या रसायनांत हेच वापरलं जायचं. त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या विकराला ते अडवतं, म्हणजे नवा काळेपणा बनणं मंदावतं. दुसरं ट्रेटिनॉइन, 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलं. ते वरचा थर लवकर गळून पडायला लावतं आणि पहिल्या औषधाला आत जायला वाट करून देतं. उजेडात ते टिकत नाही, म्हणून रात्रीच लावायचं. ही दोन्ही त्वचेला चुरचुरतात, लाल करतात. ती चुरचुर शमवायला तिसरं, स्टिरॉइड. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या मिश्रणात हायड्रोक्विनोन 2 टक्के, ट्रेटिनॉइन 0.025 टक्के आणि मोमेटासोन नावाचं स्टिरॉइड 0.1 टक्का असतं. आकडे किरकोळ वाटतात. चेहऱ्याच्या पातळ कातडीला ते किरकोळ नाहीत.

या त्रिकुटाची कल्पना 1975 साली अमेरिकेतल्या अल्बर्ट क्लिगमन आणि आयझॅक विलिस यांनी मांडली. आजही डॉक्टर त्याला क्लिगमनचं सूत्र म्हणतात. त्या पहिल्या निबंधात हे मलम कृष्णवर्णीय पुरुषांच्या निरोगी त्वचेवर लावून, काही आठवड्यांत रंग पुरता उतरवल्याची नोंद आहे. क्लिगमन यांचं नाव फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर अनेक वर्षं केलेल्या प्रयोगांशीही जोडलेलं आहे. त्या कैद्यांत कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने होते, आणि पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने 2021 मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. हे वाचल्यावर ट्यूबकडे माझं पाहणं बदललं. औषध वाईट ठरत नाही. माझ्या गालावर त्याने काम केलंच. पण निरोगी काळ्या कातडीवरही ते चालतं, हे त्याच्या जन्मापासून माहीत होतं. ज्या देशात लग्नाच्या जाहिरातीत वधूचा रंग छापला जातो, त्या देशात ही माहिती कुठे जाईल हे सांगायला ज्योतिषी नको.

माझ्या बाबतीत उपचार जसा व्हावा तसाच झाला. पहिल्या आठवड्यात गालावर कोंडा निघाल्यासारखी कातडी सुटली. ट्रेनमध्ये शेजारणीने विचारलं, "अगं, भाजलं का कुठे?" मग चुरचुर थांबली, आणि आरशात डागाच्या कडा आधी पुसट झाल्या, नंतर मधला भाग फिकट झाला. सगळं चाललेलं होतं, आणि तारीख आली. डाग थोडा शिल्लक होता. त्या रात्री ट्यूब हातात घेऊन बेसिनपाशी उभं राहिल्यावर काय वाटलं ते मला नीट आठवतं. ट्यूब अर्धी भरलेली होती. अर्धं औषध टाकून द्यायचं हे आमच्या घरात शिकवलेलंच नाही. अँटिबायोटिकच्या गोळ्या पूर्ण घ्यायच्या, सिरप बाटली संपेपर्यंत घ्यायचं. आणि चेहरा तर छान दिसत होता, त्यात स्टिरॉइडमुळे आलेली एक तुकतुकी होती. मी बंद केलं, कारण डॉक्टरांनी वेळ काढून मला कारण सांगितलं होतं. त्यांनी सांगितलं नसतं तर त्या तुकतुकीपुढे तारखेचं काही चाललं नसतं, याची मला खात्री आहे.

कारण असं: स्टिरॉइड लावलेल्या जागी रक्तवाहिन्या आकसतात, सूज उतरते, चेहरा चार-सहा दिवसांत उजळ वाटतो. तेच महिनोन् महिने चालू राहिलं की कातडी पातळ होते, खालच्या बारीक शिरा लाल जाळ्यासारख्या दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, हनुवटीवर-गालावर लव वाढते. बंद केलं की चेहरा भडकतो, आग होते. म्हणून बाई पुन्हा लावते, आग शमते, आणि तिला वाटतं की औषध बंद केल्यानेच त्रास झाला. हायड्रोक्विनोनही वर्षानुवर्षं लावलं तर काहींच्या गालांवर निळसर-राखाडी काळेपणा कायमचा बसतो. ज्या डागासाठी सुरुवात केली त्याहून गडद. शिवाय पातळ झालेली कातडी उन्हाला आणखी लवकर बळी पडते. जे औषध उन्हाच्या इजेवर दिलं, तेच पुढे ऊन आत घ्यायला लागतं. अमेरिकेत अशाच तिहेरी मलमाला परवानगी देताना ते आठ आठवड्यांपुरतं असं लिहून ठेवलं आहे. इथले चांगले डॉक्टरही तेवढ्यात आवरतं घेतात, आणि पुढे स्टिरॉइड नसलेल्या साध्या मलमांवर आणतात.

कांदिवलीला आमच्या डब्यात चढणारी एक जण होती. नाव इथे नको. आम्ही कितीतरी वर्षं समोरासमोर बसलो, दसऱ्याला डब्याला तोरण बांधलं, एकमेकींच्या मुलांच्या दहावी-बारावीचे निकाल वाटून घेतले. तिचा चेहरा लाल असायचा. बीपी असेल, असं सगळ्या म्हणायच्या. गॅसपुढे उभं राहिलं की आग होते, असं ती सांगायची. भाकरी आता मुलीकडून करून घेते, म्हणायची. माझा डाग उतरलेला पाहून तिने विचारलं, "कुठलं लावलंस?" मी नाव सांगितलं, तशी ती चकित झाली. "तेच तर मी लावते! मला नणंदेने दिलं होतं, तिला तिच्या पार्लरवालीने. आता केमिस्टकडे नुसती रिकामी ट्यूब दाखवते." कधीपासून, असं मी विचारलं. तिने मुलीच्या इयत्तेवरून हिशेब केला. मुलगी चौथीत होती तेव्हापासून. आता ती कॉलेजात होती.

ट्यूबचं नाव असं हातोहात फिरतं. नणंदेकडून भावजयीकडे, खिडकीतल्या सीटवरून चौथ्या सीटकडे. कुठे लावायचं, कधी लावायचं, हेही फिरतं. डॉक्टरांनी गोल करून दिलेली तारीख तेवढी मागे राहते, कारण ती कागदावर असते आणि कागद कुणी पर्समध्ये ठेवत नाही. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या ट्यूबमध्ये जे आहे त्यातलं निम्मं औषध म्हणजे ती तारीख आहे, आणि ट्यूबवर ती कुठेच नसते.

हे एका डब्यापुरतं नाही. 2011 साली भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात एक पाहणी प्रसिद्ध झाली. देशभरातल्या 12 केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांना विचारलं, तेव्हा 433 जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत असल्याचं निघालं. त्यातल्या 126 जणांनी ते उजळपणासाठी किंवा रोजची क्रीम म्हणून लावलं होतं, आणि निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरांखेरीज इतरांनी सुचवलं होतं. स्टिरॉइड लावणाऱ्या दहातल्या नऊ जणांच्या चेहऱ्यावर दुष्परिणाम दिसत होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने मग कोलकात्याचे डॉ. कौशिक लाहिरी यांच्या पुढाकाराने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. बाहेरून लावायच्या औषधांना कायद्याच्या 'शेड्यूल एच' यादीत सवलत होती, तिचा आधार घेऊन कितीतरी मलमं चिठ्ठीशिवाय विकली जात. मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टिरॉइडांची ती सवलत काढून घेतली. महाराष्ट्रात तर त्याआधीच, महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, दुकानात फार्मासिस्ट हजर हवा आणि चिठ्ठीशिवाय औषध नको, यावरून मोठी मोहीम झाली होती, केमिस्टांचे संप झाले होते. कायदा आहे. खोक्यावर इशाराही असतो, इंग्रजीत. माझ्या मैत्रिणीने दहा वर्षांत तो वाचला नाही, आणि काउंटरच्या पलीकडच्यानेही तिला वाचून दाखवला नाही.

पाश्चात्त्य देशांत उन्हाने बिघडलेल्या त्वचेचं मलम म्हटलं की वेगळंच औषध डोळ्यांपुढे येतं. फ्लुरोयुरासिल. चार्ल्स हायडेलबर्गर यांनी 1957 मध्ये ते कर्करोगासाठी बनवलं. रुग्णांना शिरेतून देताना असं लक्षात आलं, की उन्हाने चेहऱ्यावर आलेले खरखरीत चट्टे आधी लाल होतात आणि मग गळून पडतात. त्यातून मलम आलं. गोऱ्या कातडीत उन्हाची इजा कर्करोगाकडे झुकते, आपल्याकडे रंगद्रव्य ती बरीचशी अडवतं आणि डागावर भागतं. ज्यांच्या त्वचेत जन्मतः रंगद्रव्यच नसतं, त्यांना हे संरक्षण मिळत नाही. आपल्या गावात, आपल्या वर्गात असलेल्या त्या मुलांसाठी टोपी, पूर्ण बाह्या आणि सनस्क्रीन ही जिवाची गरज आहे. शाळेने त्यांना कवायतीला उन्हात उभं करू नये एवढं तरी आपण बघायला हवं. बाकी आपण सगळे ज्या काळ्या रंगाला पुसायला निघतो, तो रंग रोज सकाळपासून आपल्यासाठी राबत असतो.

डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न, ऊन कुठून येतं, मी तेव्हापासून इतरांच्या चेहऱ्यांकडे पाहून मनात विचारते. वेसाव्याच्या कोळणींना ते वरूनही येतं आणि वाळूवरूनही. बोंबील वलांडीवर टाकायचे तर उन्हातच जावं लागतं, ऊन हाच त्या धंद्याचा कच्चा माल. मुलुंड-भांडुपची मिठागरं आता बरीचशी ओस पडली, पण तिथे राबलेल्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे पाहिले की कळतं, पांढऱ्या मिठावरून परतणारं ऊन हनुवटीच्या खालीही पोचत होतं. चेकनाक्यावरचा वाहतूक पोलीस, झाडू घेऊन सकाळी सहाला रस्त्यावर येणारी बाई, दारोदार फिरणारी आशा सेविका. यांच्यातली कुणी डाग घेऊन डॉक्टरकडे गेली तर चिठ्ठीवरचा पहिला क्रमांक, दर दोन तासांनी सनस्क्रीन, ती कसा पाळणार? सनस्क्रीनची ट्यूब मलमापेक्षा महाग आणि महिनाभरही पुरत नाही. म्हणून पहिला क्रमांक गळतो आणि दुसरा तेवढा उरतो. ऊन थांबत नाही, मग मलम तरी कसं थांबणार! या बायकांना दोष देणाऱ्यांनी आधी बसस्टॉपला छप्पर द्यावं, रुंदीकरणात कापलेल्या झाडांच्या जागी खरोखर झाडं लावावीत, गणवेशात रुंद काठाची टोपी द्यावी. ही त्वचारोगाचीच कामं आहेत.

माझी कांदिवलीची मैत्रीण शेवटी महापालिकेच्या रुग्णालयातल्या त्वचा विभागात गेली. मी सोबत गेले. रांग मोठी होती, तपासणी दोन मिनिटांची. पण त्या तरुण डॉक्टरीण बाईंनी त्या दोन मिनिटांत जे सांगायचं ते मराठीत सांगितलं. एकदम बंद करू नका, सौम्य मलमावर आणून हळूहळू सोडवू, मधल्या काळात चेहरा फार भडकेल, घाबरून पुन्हा ते लावू नका. तो भडकलेला काळ वाईट गेला. तिने ओढणीने चेहरा बांधून प्रवास केला, एका लग्नाला गेली नाही. मला रात्री फोन करून म्हणायची, "एकदाच लावू का गं?" आम्ही बोलत राहायचो, तिची मालिका सुरू होईपर्यंत. आता लाली उतरली आहे. शिरांची जाळी काही पूर्ण जाणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. भाकऱ्या ती पुन्हा स्वतः करते.

मुलुंडला बहिणीच्या सोसायटीखाली केमिस्टचं एक दुकान आहे. तिथे दुपारी एक मुलगी बसते, डी. फार्म. झालेली. गोळ्यांच्या पाकिटावर सकाळ-रात्र लिहून देतात तसं ती मलमाच्या खोक्यावरही लिहिते, मार्करने, मराठीत. मी उभी असताना एका बाईंना तिने चिठ्ठी मागितली, ती वाचली आणि खोक्यावर लिहिलं, 'रात्री. फक्त डागावर. 20 तारखेला बंद.' बाईंनी विचारलं, "आणि वीस तारखेनंतर उरलं तर?"

"उरणारच आहे, ताई," ती म्हणाली. "उरलेलं कुणाला देऊ नका. मला आणून दाखवा, मी इथेच कापून टाकते."